क्वार्ट्झच्या नळीवरचं स्वस्तिक

आमच्या प्रयोगशाळेतली भट्टी अकराशे अंशांपर्यंत तापते. तिला तिथवर जायला तीन तास लागतात. मला तापायला तेवढा वेळ लागत नाही, हे कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. माहेरच्यांना तर ते मी बोलायला लागल्यापासून ठाऊक आहे.

मी नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि सहा वर्षांपासून पीएच.डी. करते. करते म्हणजे, ही हकीकत घडली तेव्हा करतच होते. चाळिशी उलटल्यावर अंगावर घेतलेला उद्योग. पूर्वी लग्नाकार्यात भेटलेल्या बायका मला ज्या सुरात "काही गोड बातमी?" विचारायच्या, त्याच सुरात आता "झालं का गं तुझं ते?" विचारायला लागल्या होत्या. मी दोन्ही वेळा विषय जेवणाच्या पंगतीकडे वळवला.

माझ्या प्रबंधाचा विषय सांगायला लांबलचक आहे. सदोष कार्बन नॅनोट्यूब उच्च तापमानाला कशा वागतात, असा काहीसा. आईला तो कधी नीट सांगता आला नाही. आई मखमलाबादच्या बाजूला राहते, झेंडू आणि गुलाब लावते, आणि तिची सगळी हयात फुलं खुडण्यात आणि बाजारात नेण्यात गेली. एकदा तिनं मला समोर बसवून विचारलं, की तू त्या कॉलेजात सुट्टीच्या दिवशीही जाऊन नेमकं करते काय. मी म्हटलं, फाटक्या नळ्या तापवते.

"मग नव्या का नाही घेत?" आई म्हणाली.

तोंडी परीक्षेला कुणी हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तराला मला अर्धा तास लागला असता. थोडक्यात उत्तर असं. पेन्सिलीच्या शिशात जो कार्बन असतो, त्याचा एक पापुद्रा घ्यायचा, जाडी अवघी एका अणूची. त्यात अणू षट्कोनी जाळीत बसलेले असतात, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीत. ती जाळी गुंडाळली की झाली नॅनोट्यूब. एका केसाच्या जाडीत अशा हजारो मावतात. पुस्तकातल्या चित्रात ही जाळी अगदी एकसारखी असते. प्रत्यक्षात तसं नसतं. कुठे एखादा अणू गळालेला असतो, कुठे षट्कोनाच्या जागी पंचकोन आणि त्याला खेटून सप्तकोन बसलेला असतो. त्यामुळे नव्या घेऊन भागत नाही, नव्याही थोड्याफार फाटक्याच निघतात. प्रश्न एवढाच उरतो, की फाटक्या नळ्या खूप तापवल्या तर त्यांचं काय होतं.

दोन गोष्टी होऊ शकतात. एक अणू गळाला की शेजारच्या तिघांचा एकेक हात मोकळा पडतो. तापल्यावर अणू हलायला लागतात, मोकळे हात चाचपडतात, आणि एकमेकांना सापडले की धरून ठेवतात. भोक बुजतं. नळी त्या जागी किंचित बारीक होते, पण सांधते. अकराशे अंशांना लहानसहान जखमाच भरतात, मोठ्यांना याच्या दुप्पट उष्णता लागते. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी अशी, की त्या वेळी भोवती हवा असेल तर तिच्यातला ऑक्सिजन तेच मोकळे हात आधी धरतो, आणि नळी नेमकी तिथूनच जळायला लागते. धडधाकट नळी थोडा वेळ तग धरते, सदोष नळी आधी जाते. उष्णता दोन्हीकडे तीच. म्हणून आम्ही नमुना एका लांब काचनळीत ठेवतो, पंपानं तिच्यातली हवा ओढून घेतो आणि थोडाथोडा आर्गॉन सोडत राहतो. आर्गॉन हा वायू कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आता माझ्याकडे काय उरलं होतं ते सांगते. अंगठ्याएवढी एक बाटली होती. तिच्यात चुलीच्या बुडाची काजळी खरवडून भरावी तशी काळी पूड. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत या नळ्यांना मुद्दाम, मोजूनमापून इजा केलेली होती. तिथलं ते यंत्र पुढे बंद पडलं, चालवणारे गृहस्थ परदेशी गेले, आणि तसला नमुना पुन्हा मिळायची आशा संपली. आधीचे बरेच प्रयत्न करताना मी बाटली रिकामी करत आणली होती. शेवटी दोन चिमटी उरल्या. त्यात विद्यापीठाचं पत्र आलं, की डिसेंबरअखेरपर्यंत प्रबंध द्यावा, यापुढे मुदतवाढ मिळणार नाही. आर्गॉनमध्ये नीट तापवलेला एक नमुना आणि त्याची पुण्याहून आलेली चाचणी, एवढ्यावर माझं शेवटचं प्रकरण अडलं होतं. ते झालं नाही तर सहा वर्षं पाण्यात जाणार होती.

या कामात माझ्याबरोबर दोनच माणसं होती. एक माझ्या मार्गदर्शक मॅडम, ज्या त्या महिन्यात मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला होत्या. दुसरे आमचे प्रयोगशाळेतले मामा. मामा घोटीच्या पलीकडच्या एका खेड्यातून रोज ये-जा करत. तीस वर्षं त्यांनी आमची प्रयोगशाळा सांभाळली होती. आर्गॉनच्या सिलिंडरला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा तिथला नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण नवे प्राध्यापकही तो आठवड्याभरात शिकत. मामा मला बाई म्हणत आणि मी त्यांना घाबरत नसे, एवढंच आमच्यात वेगळं होतं.

दसऱ्याला कॉलेज बंद असतं, म्हणून आमची यंत्रपूजा आदल्या दिवशी, खंडेनवमीला होते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत त्या दिवशी लेथला माळा घालतात, तशा आम्ही भट्टीला आणि पंपाला घालतो. वजनकाट्याला मात्र एकच फूल, कारण माळ घातली तर काटा आठवडाभर खरं बोलत नाही. फुलं आईच्या मळ्यातली. त्या दोन दिवसांत झेंडूचं एकेक फूल बाजारात हवं असतं, तरी ती एक टोपली बाजूला काढते आणि "नळ्यांसाठी" म्हणून माझ्याकडे पाठवते. सोबत कुंकवाची डबीही असते. हे कुंकू तिच्या शेजारच्या म्हाताऱ्या काकू जुन्या पद्धतीनं घरी करतात.

त्या दिवशी काचनळी भट्टीतून काढलेली होती. मामांनी ती धुऊन, पुसून टेबलावर मऊ कपड्यावर ठेवली होती. काच म्हणजे साधी नव्हे, क्वार्ट्झची, अकराशे अंश सहज सोसणारी. मामा भट्टीच्या पत्र्यावर स्वस्तिक काढत होते आणि मला एकदम वाटलं, दरवर्षी पूजा होते भट्टीच्या पेटाऱ्याची आणि राबते ती नळी. मी कुंकू ओलं केलं आणि अनामिकेनं नळीच्या बरोबर मधोमध एक ठसठशीत स्वस्तिक काढलं, चारही ठिपक्यांसकट.

मामांनी मान वर केली. "बाई, काचेला असा हात नाय लावत आपण."

मी म्हटलं, आजच्या दिवस चालतं. मामा परत पत्र्यावरच्या स्वस्तिकाकडे वळले. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, आणि ते वाक्य मी तिथेच विसरले.

सुट्टी संपल्यावर मी कोरड्या फडक्यानं नळी पुसली, भट्टीत बसवली आणि आमच्या रीतीप्रमाणे आधी एकदा रिकामी तापवली, आत काही मळ असेल तर जळून जावा म्हणून. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर नळीच्या मधोमध पांढरं, दुधाळ स्वस्तिक उमटलेलं. कुंकू पुसलं गेलं होतं आणि त्याची आकृती काचेत उतरली होती. आता मी रसायनशास्त्राची बाई. ती नळी मी तिथेच बाजूला ठेवायला हवी होती. त्याऐवजी मी चपला बाजूला काढून हात जोडले. मामांनीही जोडले. एम.एस्सी.च्या चार मुली फोटो काढायला धावल्या. मी तो फोटो मॅडमना पाठवला, आणि तीस वर्षं संशोधन केलेल्या आमच्या मॅडमनी उलट दोन जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. आजी झाल्याला तेव्हा त्यांना चारच दिवस झाले होते, त्यामुळे त्यांना माफ आहे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, देव पावला. मलाही तसंच वाटत होतं.

मग मी बाटलीतली एक चिमूट काढली. चिनी मातीच्या दोन लांबट वाट्या घेतल्या. एकीत सदोष नळ्या, दुसरीत तुलनेसाठी धड नळ्या, दोन्ही वाट्या भट्टीत शेजारी शेजारी. मामांनी सिलिंडर जोडला. सकाळी आठला सुरू केलेली भट्टी संध्याकाळी निवली तेव्हा मी पहिली वाटी बाहेर ओढली.

वाटीत काळं काही नव्हतंच. तळाला बोटावर मावेल एवढी लालसर पूड होती. नळ्या बनवताना त्यात लोखंडाचे सूक्ष्म कण राहतात. कार्बन सगळा जळून गेला की त्यांचा गंज तेवढा मागे उरतो. म्हणजे आत हवा शिरली होती. सहा वर्षांनंतर उरलेल्या दोन चिमटींपैकी एक मी जाळून टाकली होती, आणि रंग अगदी कुंकवाचा होता.

पुढचं सांगायला मला आजही लाज वाटते. मी मागे वळले आणि मामांना धारेवर धरलं. सिलिंडर यांनी जोडला, म्हणजे चूक यांचीच, असा माझा हिशेब दोन सेकंदांत झाला होता. त्या चारही मुली तिथे प्रॅक्टिकल आवरत उभ्या होत्या. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. शेवटचं वाक्य मात्र लिहिते, कारण ते मला पाठ आहे: "तीस वर्षं काय नुसत्या खुर्च्या पुसल्यात का?"

मामांच्या हातात पाना होता. "मी दोनदा आवळलं होतं, बाई," ते म्हणाले. पाना टेबलावर ठेवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा आठ दिवसांच्या रजेचा अर्ज आला. कारण, भातकापणी. कारण खरंच होतं, त्या दिवसांत घोटीकडचा सगळा भात कापायला येतो. पण तीस वर्षांत मामांनी कापणीसाठी कधी आठ दिवस एकदम घेतले नव्हते.

मॅडमना फोन केला तेव्हा मी रडतच होते. त्या ऐकून घेत राहिल्या आणि मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, की दुसऱ्या वाटीत काय उरलं. दुसरी वाटी मी रागाच्या भरात पाहिलीच नव्हती. जाऊन पाहिली. तिच्यात निम्म्याहून जास्त काळी पूड शिल्लक होती. म्हणजे हवा थोडीच आली होती, आणि जी आली तिनं आधी सदोष नळ्या गाठल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, याला निष्कर्ष म्हणता येणार नाही, पण हे लिहून ठेव आणि आधी हवा कुठून आली ते शोध. सिलिंडरचा सांधा सुटला असता तर गॅस संपला असता. गॅस संपलाय का?

गॅस संपला नव्हता. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात तोच उपाय मी केला. भट्टीचं झाकण उघडून नळीत थोडा दाब दिला आणि सगळीकडे साबणाचं पाणी लावत गेले. आधी मामांनी जोडलेले सांधे तपासले, आणि खरं सांगायचं तर तिथे बुडबुडा यावा अशी माझी इच्छा होती. तिथे काही आलं नाही. नळीच्या मधोमध, त्या पांढऱ्या स्वस्तिकाच्या उजव्या फाट्यावर, एक बारीक बुडबुडा फुगला. तो फुटला आणि त्याच्या जागी दुसरा आला.

मी आईला फोन लावला आणि काकूंच्या कुंकवात काय असतं ते विचारलं. हळद, लिंबाचा रस आणि टाकणखार, ती म्हणाली. टाकणखार नसला तर रंग धरत नाही. का गं? मी म्हटलं, असंच. तिला त्या दिवशी खरं सांगायचा धीर झाला नाही.

क्वार्ट्झची काच अकराशे अंश सहज सोसते, पण तिच्यावर कसलाही खार, मग तो कुंकवातला टाकणखार का असेना, राहिला तर एवढ्या तापमानाला त्या जागी स्फटिक धरायला लागतात. काच दुधाळ होते आणि निवताना तिथेच तडकते. बोटाच्या घामातलं मीठही त्याला पुरतं. म्हणून काचनळीला उघडा हात लावायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा धडा. तो मी दरवर्षी मुलींना शिकवते. मामांनी तो मला खंडेनवमीला आठवूनही दिला होता. आणि मी त्यांना बोलले, तेव्हा त्यांनी हे एक वाक्य परत उच्चारलं असतं तर माझं तोंड बंद झालं असतं. त्यांनी ते उच्चारलं नाही.

रविवारी मी एस.टी.नं घोटीला गेले आणि तिथून रिक्षानं त्यांच्या गावी. मामा शेतात पेंढ्या बांधत होते. पँटशर्टाऐवजी शेतातल्या कपड्यांत मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला ते कॉलेजातल्यापेक्षा उंच वाटले. मामींनी पाणी दिलं, चहा केला. मी बांधावर उभं राहून मामांना बुडबुड्याचं सांगितलं, चूक माझी होती म्हटलं, माफ करा म्हटलं. एवढं बोलायला मला किती जोर लागला ते मलाच माहीत.

मामांनी हातातली पेंढी बांधून पुरी केली. "बोललात चार पोरींसमोर, बाई," ते म्हणाले. "माफी इथं बांधावर मागता."

त्यात राग नव्हता. वजनकाट्यावरचा आकडा वाचावा तसं ते बोलले आणि पुढच्या पेंढीकडे वळले. निघताना मात्र मामींकडून पिशवीभर नवा तांदूळ मागवून त्यांनी माझ्या हातात दिला.

परतीच्या एस.टी.त मी वाडीवऱ्हेपर्यंत धुमसत होते. एवढ्या लांब गेले, चिखलात उभी राहिले, माफी मागितली, आणि यांचं आपलं वेगळंच. तांदळाची पिशवी मांडीवर होती आणि नव्या तांदळाचा वास येत होता. नाशिकच्या अलीकडची विल्होळी आली तेव्हा मला माझ्याच प्रबंधातली ती दुसरी गोष्ट आठवली. तापणं वाईट नसतं, पण मी तापते ती नेहमी भरल्या वर्गात, दारं-खिडक्या सताड उघडी टाकून, आणि मग ज्याच्या मनाला आधीच कुठे भोक असेल तो माणूस आधी जळतो. मामा मात्र बंद नळीत तापले होते. त्यांच्याकडून कुणाला चटका बसला नव्हता.

मामा रजेवरून परत आले ते नेहमीसारखेच. काचेची भांडी घासली, पंपाचं तेल बदललं. सिलिंडरची वेळ आली तेव्हा म्हणाले, तेवढं सोडून काय बी सांगा. एव्हाना मॅडम परतल्या होत्या आणि त्यांनी पंचवटीतल्या एका कॉलेजातून दुसरी काचनळी उसनी आणली होती. दिवाळी होऊन गेली होती, डिसेंबर उजाडला होता. बाटलीत शेवटची चिमूट होती. दुसऱ्या कुणाकडून सिलिंडर जोडून घेता आला असता. पण तो जोडून घ्यावा असं मला वाटत नव्हतं, आणि जे करायला हवं होतं ते करायला जीभ उचलत नव्हती. असे तीन दिवस मी घालवले. मुदत संपत आलेली असताना माणूस मानापमानासाठी तीन दिवस घालवू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

चौथ्या दिवशी त्याच चार मुलींचं प्रॅक्टिकल होतं. मामा खिडकीजवळ ब्युरेट लावत होते. मी तडकलेली नळी घेऊन मुलींसमोर उभी राहिले.

"त्या दिवशी मी मामांना बोलले ते चूक होतं," मी म्हटलं. "त्यांनी सिलिंडर बरोबर जोडला होता. नळी मी तडकवली. त्यांनी मला हटकलं होतं, मी ऐकलं नाही."

मग कुंकू, टाकणखार, स्फटिक, सगळं सांगितलं. नळी हातमोजे घालून एकेकीनं पाहिली. एका मुलीनं विचारलं, म्हणजे यापुढे उपकरणांना कुंकू लावायचं नाही का? उत्तर खिडकीकडून आलं, की लावायचं, पण पेटाऱ्याला लावायचं. मुली हसल्या. मीही हसले. मामांनी ब्युरेट स्टँडला लावली, टेबलाचा खण उघडला आणि पाना बाहेर काढला.

शेवटच्या खेपेचा दिवस थंडीचा होता, आठ वाजले तरी बोटं वाकत नव्हती. उसनी नळी मामांनी आदल्या दिवशीच अल्कोहोलनं धुऊन सुती कापडात गुंडाळून ठेवली होती, आणि वर कागद बांधला होता: हात लावू नये. बाईंनी सुद्धा. हे दुसरं वाक्य त्यांनी वेगळ्या शाईनं लिहिलं होतं. नळी बसवली, हवा ओढली, पंप बंद केला, आणि मग मामा स्टूल घेऊन दाबाच्या काट्यासमोर तासभर बसून राहिले. काटा हलला नाही, म्हणजे हवा कुठूनच शिरत नव्हती. तेव्हा कुठे त्यांनी मला मान हलवून खूण केली.

बाटली उलटी करून मी शेवटची चिमूट वाटीत पाडली. बाटलीच्या कडेला चिकटलेलं ब्रशनं खाली आणलं. शेजारी धड नळ्यांची दुसरी वाटी ठेवली. तीन तास चढायला, एक तास अकराशेवर, आणि मग निवेपर्यंत काही करायचं नसतं. अशा वेळी माणसाला नको ते सुचतं. मी आईला फोन करून कुंकवाचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ती दुखावेल. तिनं उलट विचारलं, "आणि आता त्या सांधल्या का?"

मी म्हटलं, संध्याकाळी कळेल.

सांधल्या की नाही हे खरं तर संध्याकाळीही कळणार नव्हतं. ते पुढे आठवड्यानं पुण्याच्या आलेखावरून कळलं. त्या आलेखात दोषांचं एक शिखर असतं आणि धड जाळीचं एक. दोषांचं शिखर पुष्कळ खाली बसलं होतं. सपाट झालं नव्हतं, आणि झालं असं मी कुठे लिहिलंही नाही. बऱ्याच जखमा भरल्या, काही राहिल्या, हे माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण, आणि तो मी मुदत संपायला दोन दिवस असताना नेऊन दिला. पण तो आलेख नंतरचा. संध्याकाळी एवढंच कळणार होतं, की वाटीत काही आहे की नाही.

साडेपाचला भट्टी निवली. मामांनी झाकण उघडलं, सिलिंडर बंद केला, टोकाचा सांधा सोडला. वाटी ओढायचा लांब आकडा त्यांनी माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतला. मला ते जमेना. दोन महिन्यांपूर्वीचा तो लाल रंग डोळ्यांसमोरून जात नव्हता. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि म्हटलं, मामा, तुम्हीच काढा.

आकडा काचेवर घासल्याचा आवाज आला. मग वाटी टेबलावर टेकल्याचा.

"काळं हाय, बाई," मामा म्हणाले. "सगळं काळं हाय."

मी वळले. काळंभोर होतं, सकाळी ठेवलं होतं तसंच. मी आईला फोन लावला, ती "हॅलो" म्हणाली आणि मी फोन तसाच मामांपुढे धरला. मामांनी हातमोजे काढले, माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला सांगितलं, की ताई, सगळं काळं निघालं. जन्मभर झेंडू-गुलाब विकलेल्या, सणावाराला कुणी काळं नेसून आलं तर त्या बाईला टोकणाऱ्या माझ्या आईचं उत्तर मला इथपर्यंत ऐकू आलं. ती म्हणाली, देव पावला.